पान एकशे बेचाळीस

मुंबईत सिनेमा लागून उतरलाही होता म्हणे.
आमच्याकडे त्याच्या पेट्या यायच्या त्या मे महिन्यात,
कूलरला वाळा बांधून झाल्यावर,
निम्मं ऑफिस लग्नांना जाऊन आल्यावर.

पुस्तक मात्र आधी पोचलं.
बर्डीवर, फूटपाथवरच्या ताडपत्रीवर,
बँकेच्या परीक्षांच्या गाइडांखाली दबलेलं.
कव्हरवर पोस्टरच छापलेलं: दीपगृह, पाठमोरा माणूस,
आणि खाली बारीक अक्षरात, पटकथेवरून कादंबरी.
म्हणजे आधी वरण वाढलं, मग डाळ निवडली.

"चार रुपये," बिसन निनावे म्हणाला, "पण बाई,
आधी वाचू नोका.
वाचून गेल्या तं टाकीजमधी निरा जुळवत बसान."
विकणाराच नको म्हणतो
असं पुस्तक मी पहिल्यांदाच घेतलं.

ए.जी. ऑफिसात कुंदा ढोबळे उलट म्हणाली.
"वाचूनच जा. त्यांचं इंग्रजी कुठे कळतं आपल्याला?
मागच्या वेळी मी शेवटपर्यंत नवऱ्याला खुनी समजत होते,
बाहेर आल्यावर पानवाल्याने सांगितलं, डॉक्टर."
स्वतः मात्र वाचायला तयार नव्हती.
तिला पडद्यासमोर दचकायचं होतं.

मी ठरवलं, मध्यंतरापर्यंत वाचायचं.
दोनशे बारा पानं, म्हणजे एकशे सहा.
नेमकी तिथेच गुळगुळीत फोटोंची आठ पानं.
पुस्तक मिटलं. चहा केला.
गच्चीवर पाणी शिंपडून गादी घातली
आणि टॉर्चच्या उजेडात उरलेलं सगळं वाचून काढलं.

पान एकशे बेचाळीसवर स्वयंपाकघर आहे.
मुलगा पहाटे बोटीवर निघालाय, कायमचा.
आई सूपमध्ये मीठ घालते.
मग पुन्हा घालते, मुद्दाम:
तो चिडेल, बोलेल, तेवढाच थांबेल.
तो सगळं सूप पितो, चमचा धुऊन ठेवतो, जातो.
दीड पान.
टॉर्च विझवला, आणि शेजाऱ्यांच्या कूलरचं पाणी
ठिबकताना ऐकत पडले.

तीन ते सहाचा शो, बाल्कनी.
वादळ आलं, मला माहीत होतं.
दोर तुटला, माहीत होतं. कुंदाने माझा दंड धरला
तेव्हा मी तिच्या दचकण्याकडेच बघत होते,
आणि वाट पाहत होते स्वयंपाकघराची.
कॅमेरा त्या दारावरून पुढे निघून गेला.
आत स्टोव्हवर भांडं दिसलं, क्षणभर,
वाफसुद्धा निघत होती.
मुलगा थेट धक्क्यावर.

दिवे लागले. कुंदा पदराने डोळे पुसत होती.
"सूप कुठे गेलं?" मी म्हटलं.
"कोणतं सूप?"

बिसन म्हणाला, पुस्तकवाल्याला कच्ची कथा देतात,
मग तिकडे कातरी चालते.
"तुमच्याकडे तं उरलेलं कापड आलं, बाई."
म्हटलं होतं ना, असं तो म्हणाला नाही,
नुसती गाइडांची थप्पी सरळ करत राहिला.

पुस्तक कुंदा मागून घेऊन गेली.
बाजारात पहिली संत्री आली तेव्हा परत केलं,
मध्ये कुठल्यातरी बसचं तिकीट.
आणि एक दिवस डब्याच्या वेळी
माझ्या भेंडीत मीठ जास्त झालं होतं.
"त्या सिनेमातल्या आईसारखं," ती म्हणाली.
"काय काम केलंय बाईने! मीठ घालताना
खिडकीकडे बघते ना, अंगठ्याने बोटं चोळत."

मी घास तसाच धरून बसले.
पुस्तकात अंगठा नाही, खिडकीही नाही.
पडद्यावर तर नुसतं भांडं होतं.
आधी वाचून मी जे शोधत राहिले
ते हिने नंतर वाचून पाहिलं होतं, चांगलं बाल्कनीतून.
सांगणार होते.
"मग?" मी विचारलं. "मुलगा काय करतो?"

कुंदाने पोळी मोडली.
"काय करणार. खारट झालंय म्हणतो,
खुर्ची ओढतो,
आणि बसतो थोडा वेळ."